नोंद आणि मेळ
(कचऱ्याच्या डब्यावरील इलेक्ट्रॉनिक टॅगची देशोदेशीची कथा आणि आमच्या फाटकाचा एक अनुभव)

दिवाळी होऊन महिना लोटला असेल. आमच्या चौदा बिऱ्हाडांच्या सोसायटीच्या नावे नगरपालिकेकडून एक पत्रक आले. सेक्रेटरी या नात्याने ते माझ्या हाती पडले. आमच्या फाटकाशी एक छोटा इलेक्ट्रॉनिक टॅग बसविलेला आहे. कचरा उचलणाऱ्या कर्मचाऱ्याने आपले हातातील यंत्र त्या टॅगसमोर धरले की ‘या घरचा कचरा उचलला’ अशी नोंद आपोआप होते. त्या नोंदींवरून तयार केलेला मागील महिन्याचा तक्ता पत्रकासोबत होता. तीस दिवसांपैकी एकोणीस दिवसांपुढे ‘उचल नाही’ असा शेरा होता. तक्त्याखाली ‘सेवेत कसूर झाली असल्यास स्वाक्षरीसह कळवावे’ अशी ओळ होती. मी तक्ता पाहिला, खिशातले पेन काढले आणि स्वाक्षरी केली.

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाने हे करावयास नको होते. संध्याकाळी व्यवहार बंद झाला की वहीतील शिल्लक आणि तिजोरीतील रोकड यांचा मेळ घातल्याशिवाय आम्ही शाखेबाहेर पाऊल टाकीत नसू. पाच रुपयांचा फरक निघाला तरी रात्री नऊ वाजेपर्यंत व्हाउचरे चाळीत बसलेलो आहे. पण यंत्राने छापून दिलेल्या स्वच्छ तक्त्यावर माणसाचा विश्वास सहज बसतो. माझाही बसला.

पंधरा दिवसांनी आमच्याकडील कचरा नेणाऱ्या अक्का सकाळी दाराशी उभ्या राहिल्या. गल्लीतील सर्वच त्यांना अक्का म्हणतात. त्या नेहमी मोठ्याने हाक मारीत. त्या दिवशी आवाज खाली होता.

“अण्णा, तुमच्या सहीचा कागद गेला म्हणून ठेकेदारानं माझे चार दिवसांचे पैसे कापले. मी रोज येते नव्हं? मी येत नाही तर तुमचा डबा मोकळा कोण करतंय मग?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. स्वयंपाकघरातून आमच्या सौ. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अहो, एकोणीस दिवस चौदा घरांचा कचरा पडून राहिला असता तर तुम्हांला जिन्यात उभे तरी राहवले असते का?” एवढी साधी तपासणी मी केली नव्हती.

पुढे काय निघाले ते शेवटी सांगतो. त्या प्रसंगाने मला या टॅगविषयी वाचावयास भाग पाडले आणि वाचता वाचता लक्षात आले की, जगातील अनेक देशांनी हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी केला आहे. कोठे तो रुजला, कोठे लोकांनी तो उपटून फेकला. आपल्या राज्यातील अनेक नगरपालिका व महापालिका आज घरोघरी असे टॅग किंवा क्यूआर कोड लावीत आहेत. अशा वेळी ही माहिती वाचकांना उपयोगी पडेल असे वाटते.

टॅग म्हणजे नेमके काय?

या तंत्राला आरएफआयडी म्हणतात, म्हणजे रेडिओ लहरींच्या साहाय्याने ओळख पटविणे. नाव अपरिचित वाटले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. मोटारीच्या पुढील काचेवर चिकटविलेला फास्टॅग हे त्याचेच एक रूप होय. टॅगमध्ये धातूची बारीक अँटेना आणि तिला जोडलेली तांदळाच्या दाण्याहून लहान चिप असते. चिपमध्ये एक क्रमांक साठविलेला असतो. अशा टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचक यंत्र रेडिओ लहरी सोडते, त्या लहरींतूनच टॅगला क्षणभर पुरेल इतकी शक्ती मिळते आणि तो आपला क्रमांक उत्तरादाखल परत पाठवितो.

यात मुख्यतः दोन प्रकार कचऱ्याच्या कामी येतात. पहिला कमी कंप्रतेचा. तो काही सेंटीमीटर अंतरावरूनच वाचला जातो; पण धूळ, चिखल, ओल यांना तो फारसा जुमानीत नाही. युरोपातील चाकांच्या डब्यांत बहुधा हा असतो. दुसरा अतिउच्च कंप्रतेचा. फास्टॅग याच जातीचा. तो काही मीटरांवरून वाचता येतो, परंतु आसपास काय आहे याविषयी तो बराच हळवा असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टॅगमध्ये घराचा क्रमांक असतो, कचरा नसतो. बँकेच्या भाषेत तो केवळ खाते क्रमांक आहे. त्या खात्यावर काय जमा झाले, ते खरे होते की खोटे, हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी वजनकाटा, माणसाची नजर किंवा दुसरी नोंद लागते.

जर्मनी : दर खेपेचा हिशोब

घरगुती डब्यांवर चिप बसविण्याची पद्धत रुळविणाऱ्या देशांत जर्मनी अग्रेसर होय. तेथे १९९० च्या दशकात अनेक जिल्ह्यांनी ती स्वीकारली. प्रत्येक घराला चाके असलेला डबा दिलेला असतो. डब्याच्या पुढील कडेखाली प्लॅस्टिकचा एक छोटा कप्पा असतो. चिप त्यात बसविलेली असते. कचरागाडीच्या मागील यांत्रिक हात डबा उचलून उलटा करतो, त्याच क्षणी गाडीवरील यंत्र चिपचा क्रमांक टिपून घेते. वर्षअखेरीस घरमालकाला बिल येते. त्यात एक स्थिर आकार असतो आणि डबा जितक्या वेळा रिकामा केला तितक्या खेपांचा वेगळा आकार.

यामुळे लोक अर्धा भरलेला डबा रस्त्यावर ठेवीत नाहीत. तो पूर्ण भरल्यावरच बाहेर काढतात. कागद, काच, वेष्टने वेगळी दिली की मिश्र कचऱ्याचा डबा उशिरा भरतो आणि बिल उतरते. काही ठिकाणी याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. बव्हेरियातील आशाफेनबुर्ग जिल्ह्यात १९९७ पासून डबा ओळखण्याबरोबरच त्याचे वजनही घेतले जाते आणि वजनानुसार आकारणी होते.

जर्मन व्यवस्थापकांनी मनुष्यस्वभावही हिशोबात धरला. पैसे वाचविण्यासाठी एखादा गृहस्थ डबा कधीच बाहेर काढणार नाही आणि कचरा रानात किंवा शेजाऱ्याच्या डब्यात टाकील, ही शक्यता त्यांनी ओळखली. म्हणून बहुतेक ठिकाणी वर्षाला काही किमान खेपांचे पैसे प्रत्येकाला द्यावेच लागतात. त्यामुळे अगदी शून्यावर येण्याचा मोह उरत नाही. शेजाऱ्याच्या डब्याला कुलूप लावण्याची सोयही काही जिल्ह्यांत आहे! शिस्तप्रिय समजल्या जाणाऱ्या समाजालाही कुलपाची गरज भासते, हे वाचून मला थोडा दिलासाच मिळाला.

तेथे ही पद्धत टिकली त्याचे कारण मला असे दिसते की, नोंद कशासाठी आहे हे आरंभीच सांगितलेले होते. दर ठरलेला, बिल हाती येणारे आणि चूक वाटल्यास दाद मागण्याची सोय असलेली.

इंग्लंड : न सांगता बसविलेली चिप

इंग्लंडमध्ये तीच चिप, तेच डबे आणि बऱ्याच अंशी तेच जर्मन तंत्र आले. परंतु कथा निराळी झाली. ऑगस्ट २००६ मध्ये वृत्तपत्रांत बातमी झळकली की, अनेक स्थानिक कौन्सिलांनी सुमारे पाच लाख घरगुती डब्यांत चिपा बसविल्या आहेत आणि बहुतेक रहिवाशांना त्याची कल्पनाच नाही. एकच गदारोळ उडाला. लोकांनी पेचकस घेऊन डब्यांच्या कडा तपासल्या आणि चिपा काढून टाकल्या. वृत्तपत्रांनी या डब्यांना ‘हेर’ ठरविले.

कौन्सिलांचे म्हणणे तसे अवाजवी नव्हते. हरवलेला डबा कोणाचा हे कळावे, ‘माझा डबा उचललाच नाही’ अशा तक्रारींची शहानिशा करता यावी, हा हेतू त्यांनी सांगितला. परंतु तो बातमी फुटल्यानंतर सांगितला. त्यामुळे लोकांना वाटले, आज मोजतात ते उद्या कर लावण्यासाठीच. आणि ती शंका निराधारही नव्हती. हवामान बदलविषयक २००८ च्या कायद्यात कचऱ्यानुसार आकारणीचे प्रयोग जास्तीत जास्त पाच ठिकाणी करून पाहण्याची तरतूद झाली. पण लोकक्षोभाचा धसका असा की, तसा प्रयोग करावयास एकही कौन्सिल पुढे आले नाही. शेवटी २०११ च्या स्थानिक कारभारविषयक कायद्याने ती तरतूदच रद्द करण्यात आली.

दरम्यान चिपा मात्र वाढतच होत्या. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘बिग ब्रदर वॉच’ या संस्थेने २०१० मध्ये माहिती गोळा केली, तेव्हा ६८ कौन्सिलांच्या क्षेत्रांत मिळून २६ लाखांवर डब्यांत त्या असल्याचे दिसले. त्यांतील बऱ्याच चिपा कोणी वाचीतच नव्हते. खाते उघडले, पासबुक कधी दिलेच नाही आणि व्यवहारही केला नाही, अशी ती गत झाली.

एक वेगळा मार्ग विंडसर आणि मेडनहेड या भागाने २००९ मध्ये चोखाळून पाहिला. अमेरिकेतील ‘रिसायकलबँक’ या कंपनीची कल्पना त्यांनी घेतली. पुनर्वापराच्या डब्याचे वजन टॅगच्या आधारे नोंदवायचे आणि त्या प्रमाणात घराला गुण द्यायचे. गुण स्थानिक दुकानांत वापरता येत. दंडाऐवजी बक्षीस असल्याने तेथे चिपेविरुद्ध तसा आक्रोश झाला नाही. यंत्र सारखेच होते. नागरिकाला त्यातून काय मिळणार आणि त्याला आधी विचारले होते का, यावर सगळे अवलंबून राहिले.

दक्षिण कोरिया : डोळ्यांसमोरचे वजन

माझ्या मते या विषयातील सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. लहान देश, दाट वस्ती, कचरा टाकण्यास जागा अपुरी आणि जेवणात रसदार पदार्थ व अनेक लहान वाट्या. त्यामुळे उरलेले अन्न हा तेथील कचऱ्याचा मोठा प्रश्न. तो ओला, जड कचरा कुजे आणि डेपोजवळच्या वस्त्यांना दुर्गंधी सोसावी लागे.

या देशाने घाई केली नाही; पायऱ्या बांधल्या. १ जानेवारी १९९५ पासून ठरावीक पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकण्याचा नियम देशभर आला, म्हणजे जितका कचरा तितके पैसे. २००५ मध्ये अन्नकचरा थेट भरावक्षेत्रात टाकण्यास बंदी झाली. २०१३ पासून अन्नकचऱ्यातून निघणारे दूषित पाणी समुद्रात सोडणे बंद झाले आणि त्याच वर्षी अन्नकचऱ्यासाठी प्रमाणानुसार आकारणी व्यापक प्रमाणावर सुरू झाली. टॅगचे यंत्र आले ते या टप्प्यावर.

मोठ्या निवासी संकुलांच्या आवारात ही यंत्रे उभी असतात. गृहिणी आपले कार्ड यंत्रासमोर धरते, झाकण उघडते, ती अन्नकचरा ओतते. त्याच क्षणी पडद्यावर वजन आणि त्याचे पैसे दिसतात. महिन्याचा आकार संकुलाच्या देखभाल खर्चाच्या बिलात लागून येतो. सोल शहरातील दर किलोला सुमारे १३० वॉन असा सांगितला जातो, म्हणजे आपले आठ-दहा रुपये. रक्कम क्षुल्लक आहे. परंतु आकडा डोळ्यांसमोर दिसतो, त्याचा परिणाम रकमेहून मोठा होतो. लोक कचऱ्यातील पाणी निथळून मगच तो टाकू लागले. कारण पाण्याचेही वजन भरते. बाजारहाट करतानाही हात आखडला. १९९५ च्या सुमारास तेथील अन्नकचऱ्यापैकी जेमतेम २ टक्के पुनर्प्रक्रियेत जात असे. आज ते प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते. त्यापासून पशुखाद्य, खत आणि जैववायू तयार होतो. सोलमध्ये अशी सुमारे ६,००० यंत्रे बसविल्यावर सहा वर्षांत अन्नकचरा ४७,००० टनांनी घटल्याची माहिती प्रसिद्ध झालेली आहे.

ताटात उष्टे टाकू नये, ताट धुऊन ते पाणी प्यावे, ही आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची रीत. ती पाळली तर त्या पडद्यावर शून्यच उमटेल, असा विचार हे वाचताना मनात आल्यावाचून राहिला नाही. मात्र आपल्या लग्नसमारंभांतील पंगतीनंतरचे दृश्य आठवले आणि तो अभिमान तेथेच आवरला.

कोरियात तीन गोष्टी एकत्र आल्या. नोंद ज्याची, ती त्यालाच तत्क्षणी दिसते. ती नुसत्या हजेरीची नसून वजनाची असते. आणि नोंदीनंतर त्या कचऱ्याचे काय होणार याची सोय आधीच केलेली असते.

क्लीव्हलँड : नोंदीच्या पलीकडे

ही शेवटची गोष्ट नसेल तर काय होते, ते अमेरिकेच्या ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराने दाखविले. ऑगस्ट २०१० मध्ये त्या शहराची योजना जाहीर झाली. पुनर्वापराच्या डब्यांवर टॅग बसवायचे. एखाद्या घराचा तो डबा कित्येक आठवडे रस्त्याच्या कडेला आलाच नाही, तर निरीक्षकाने त्या घराचा नेहमीचा कचरा तपासायचा. त्यात १० टक्क्यांहून अधिक भाग पुनर्वापरयोग्य आढळला तर १०० डॉलरपर्यंत दंड. २०११ मध्ये आणखी २५,००० घरांपर्यंत ही योजना नेण्यासाठी २५ लाख डॉलर मंजूर करण्यात आले.

नागरिकांवर नजर ठेवण्याची एवढी कडेकोट व्यवस्था उभी राहिली. पण २०२० मध्ये उघड झाले की, पुनर्प्रक्रियेचा करार संपल्यामुळे वेगळा करून दिलेला तो सारा माल शहर इतर कचऱ्याबरोबर भरावक्षेत्रातच टाकीत आहे. वेगळ्या डब्यात काळजीपूर्वक धुऊन ठेवलेल्या बाटल्या शेवटी त्याच खड्ड्यात जात होत्या. पुढे २०२२ मध्ये योजना नव्याने सुरू झाली ती केवळ स्वेच्छेने नाव नोंदविणाऱ्यांसाठी.

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक नावेला जमेची बाजू असते, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी शिकवितात. घराच्या दाराशी कचरा ‘नावे’ पडला, तर प्रक्रिया केंद्रावर तेवढाच ‘जमा’ दिसला पाहिजे. क्लीव्हलँडने नागरिकाची बाजू चोख लिहिली आणि स्वतःची बाजू कोरी ठेवली.

आपल्याकडे टॅग कोणाला मोजतो?

आपल्याकडील टॅगचे स्वरूप या सर्वांहून निराळे आहे. युरोपात डबा मोजला जातो, कोरियात अन्नकचरा. आपल्याकडे मुख्यतः मोजला जातो तो कर्मचारी. गाडी ठरल्या रस्त्याने गेली का, प्रत्येक दाराशी माणूस पोहोचला का, ठेकेदाराने न केलेल्या कामाचे पैसे तर घेतले नाहीत ना, हे पाहणे हा त्याचा मुख्य उपयोग. हेतू योग्यच आहे. सार्वजनिक पैशाचा हिशोब हवाच. कागदावर धावलेल्या गाड्यांची बिले लेखापरीक्षणात सापडल्याची उदाहरणे वाचकांनीही वृत्तपत्रांत वाचली असतील.

परंतु येथे नोंद एकाची आणि दंड त्याच्याहून दुबळ्याला, अशी स्थिती सहज निर्माण होते. नागपूर, चंडीगड, पंचकुला येथे सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटावर त्यांचा ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बांधण्यात आली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्यास विरोध केला. घड्याळाची बॅटरी उतरली वा संपर्क तुटला तर गैरहजेरी कोणाच्या माथी, हा त्यांचा साधा प्रश्न होता. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आपल्यावर, घरमालकांवर टाकली होती. आपण तो एकत्र करून दिला, तर टॅग त्याविषयी अवाक्षर काढीत नाही. अक्का मात्र एक दिवस आल्या नाहीत, तर तो लगेच बोलतो.

आमच्या फाटकाचा मेळ

आता आमच्या एकोणीस दिवसांकडे येतो. अक्का गेल्यावर मी तो तक्ता पुन्हा काढला आणि या वेळी बँकेतल्या सवयीने वाचला. महिन्याच्या पहिल्या अकरा दिवसांच्या नोंदी बिनचूक होत्या. १२ तारखेपासून ३० तारखेपर्यंत एकही नोंद नव्हती. अनियमित काम करणारा माणूस मधून मधून गैरहजर राहतो. सलग एकोणीस दिवस रिकामे आणि तेही एकाएकी, म्हणजे त्या दिवशी काहीतरी बदलले असले पाहिजे. काय बदलले?

सोसायटीचा जमाखर्च माझ्याच कपाटात. नोव्हेंबरची व्हाउचरे चाळली. ११ तारखेचे एक व्हाउचर होते : ‘फाटकाच्या दोन्ही खांबांचे रंगकाम, मजुरी व साहित्य’. खाली मंजुरीची स्वाक्षरी माझी. मी खाली उतरलो. टॅगची ती नाण्याएवढी चकती पूर्वी विटांच्या खांबावर होती. रंग देताना रंगाऱ्याने ती काढली आणि खांब ओला असल्याने शेजारच्या लोखंडी फाटकावर नीट चिकटवून दिली. बिचाऱ्याने काम सफाईने केले होते. परंतु साधा अतिउच्च कंप्रतेचा टॅग लोखंडाच्या पत्र्याला चिकटला की त्याचा आवाज बंद होतो. धातू त्या लहरी परतवितो आणि अँटेनाचे काम बिघडते. धातूवर लावण्याचे टॅग वेगळे मिळतात. त्यांत मागे जाड अस्तर असते. फास्टॅग मोटारीच्या पत्र्यावर न लावता काचेवर का लावतात, याचे उत्तर मला आमच्या फाटकावर मिळाले.

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या तेव्हा त्यांचे यंत्र फाटकावरील चकतीसमोर धरून पाहिले, काही नाही. चकती खरवडून काढली, खांबावर धरली. यंत्र ‘टुंग’ करून बोलले. अक्का काही क्षण त्या खांबाकडे पाहत राहिल्या.

दोष त्यांचा नव्हता, टॅगचा नव्हता. दोष आमच्या सोसायटीचा होता आणि त्यावर माझ्या दोन स्वाक्षऱ्या होत्या. एक व्हाउचरावर, एक तक्रारीवर. कापलेले चार दिवसांचे पैसे मी अक्कांपुढे धरले. त्यांनी ते घेतले नाहीत.

“पैशाचं राहू द्या, अण्णा. ‘आली नाही’ असं लागलंय नव्हं माझ्या नावावर, ते तेवढं पुसून घ्या.”

मी त्याच दिवशी नगरपालिकेला लेखी कळविले. तक्रार मागे घेत असल्याचे, चूक सोसायटीची असल्याचे आणि नोंद दुरुस्त करावी असे लिहिले. सोबत ११ तारखेच्या व्हाउचराची प्रत जोडली. नोंद दुरुस्त व्हायला आणि कापलेली मजुरी परत मिळायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात मी चार वेळा कार्यालयाच्या पायऱ्या चढलो. पत्रकावर स्वाक्षरी करावयास मात्र दोन मिनिटेही लागली नव्हती.

आपण काय पाहावे?

या अनुभवातून वाचकांसाठी काही व्यवहारी गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या इमारतीचा टॅग कोठे लावला आहे ते एकदा खाली उतरून पाहावे. तो लोखंडावर, वीजमीटरच्या पेटीवर किंवा पाण्याची धार लागेल अशा जागी नसावा. रंगकाम, दुरुस्ती, नवे फाटक असे काही काम निघाले की टॅग पुन्हा वाचला जातो की नाही, याची खात्री त्याच आठवड्यात करून घ्यावी. महिन्याचा तक्ता सोसायटीला नियमितपणे मिळावा आणि तो कर्मचाऱ्यालाही दाखविला जावा, अशी मागणी करावी. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती पाहण्याचा आणि तिला हरकत घेण्याचा अधिकार असला पाहिजे. बँकेत खातेदाराला पासबुक आपण उपकार म्हणून देत नव्हतो.

तक्रारीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी आपला डबा, आपला वॉचमन आणि आपली व्हाउचरे यांना विचारावे. आणि आपण दिलेला ओला व सुका कचरा पुढे वेगवेगळाच जातो का, याची चौकशी वर्षातून एकदा तरी प्रक्रिया केंद्रावर जाऊन करावी. ज्येष्ठ नागरिकांपाशी वेळ असतो आणि हिशोबाची सवय असते. हे काम आपल्याला चांगले जमेल.

आमच्या सोसायटीत आता वॉचमनच्या टेबलावर एक दोनशे पानी वही आहे. कचरा गेला की तो तारखेपुढे खूण करतो आणि अक्का आपली आद्याक्षरे लिहितात. महिन्याच्या पहिल्या तारखेला नगरपालिकेचा तक्ता आला की मी दोन्ही समोर ठेवून मेळ घालतो. पाच मिनिटांचे काम आहे. गेल्या महिन्यात तक्त्यावर एका दिवसापुढे ‘उचल नाही’ असा शेरा होता. आमच्या वहीतही तो दिवस कोरा होता. त्या दिवशी अक्कांच्या नातीचे बारसे होते, आणि तसे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते.